टेबलाची मधली फळी

मागच्या जाळीच्या दाराची स्प्रिंग किरकिरली, आणि कागदात बशी गुंडाळणारे ग्वेंडाचे हात जागच्या जागी थांबले.

"आला एकदाचा," ती स्वतःशीच म्हणाली. बशी तशीच अर्धी उघडी ठेवून, खोक्यांमधून वाट काढत ती दाराशी गेली. तिथे कोणी नव्हतं. पूर्वेचा कोरडा वारा तेवढा होता. पहाटेपासून तो दार ढकलत होता आणि सोडून देत होता, आत यायचं की नाही हे न ठरलेल्या माणसासारखा.

डेल, तिचा मुलगा, खरं तर काल संध्याकाळी येणार होता. संध्याकाळी त्याच्याऐवजी त्याचा फोन आला. "उद्या सकाळी पक्का, आई." आता सकाळ वर चढून उन्हाला चटका यायला लागला होता. पुढच्या शुक्रवारी घराचा ताबा द्यायचा होता आणि आवरून संपत नव्हतं. प्रत्येक कपाटात कुणी ना कुणी 'नंतर नेतो' म्हणून ठेवलेलं काहीतरी निघत होतं. तिन्ही मुलं घराबाहेर पडून किती वर्षं झाली, त्यांचं सामान अजून बाहेर पडायचं होतं. ग्वेंडा एका खोलीत जायची, कशाला आले ते विसरायची, दुसऱ्या खोलीत जायची. बसली की उठावंसं वाटे, उठली की बसावंसं.

त्यातून जिवाला घोर एकाच वस्तूचा. टेबलाच्या मधल्या फळीचा.

टेबल रॉसने, तिच्या नवऱ्याने केलेलं. तेव्हा तो रेल्वेच्या कारखान्यात सुतार होता. मोडीत निघालेल्या डब्यांचं लाकूड त्याने थोडं थोडं करून घरी आणलं. जाराचं लाल लाकूड, लोखंडाच्या तोलाचं. एरवी ते सहा माणसांचं टेबल. दोन्हीकडून ओढलं की मधोमध दुभंगायचं, पोटात ही फळी बसायची, आणि मग त्याला माणसं किती पुरतात याचा हिशेब कुणी ठेवत नसे. फळीच्या एका कडेला लाकडी खुंट्या, दुसऱ्या कडेला भोकं. नाताळच्या सकाळी रॉस ती बसवायचा आणि खुंट्या आत जाताना 'टक' असा आवाज यायचा. ग्वेंडाचा नाताळ त्या आवाजाने सुरू व्हायचा.

फळीवर बसायचं ते घरातल्या सगळ्यांत लहानांनी, हा ग्वेंडाचा कायदा. मधोमध असलं की दोन्हीकडचे हात पोचतात. कुणी हॅम कापून देतं, कुणी कोलंबी सोलून देतं, कुणी सांडलेलं पुसतं. आधी डेल, टेगन आणि फिओना तिथे बसले, मग त्यांची मुलं. गेल्या नाताळला टेगनची मार्नी मध्ये आणि दोन अंगांना फिओनाची जुळी, अशी तिघं चमच्यांनी ढोल वाजवत बसली होती.

आता समुद्राकडच्या ज्येष्ठांच्या वसाहतीत तिने आणि रॉसने छोटं युनिट घेतलं होतं. जेवणाची जागा एवढीच की मिटलेलं टेबल ठेवलं तर फ्रिजचं दार पुरतं उघडत नाही.

"फळी ठेवायला जागा नाही, बसवायला तर त्याहून नाही," रॉस म्हणाला होता.

"गाडी लावायच्या छपराखाली मांडू. नाताळ भर उन्हाळ्यात येतो, थंडीत नाही. आणि ठेवेल डेल, त्याच्या शेडमध्ये."

रॉसने खांदे उडवले होते. त्याला वाद घालायचा नव्हता. पण फिओना सिडनीहून फोनवर म्हणाली होती, "तुमची जागा आता लहान ना, आई, बघू या वर्षी." टेगनच्या इस्पितळातल्या ड्यूट्या लागायच्या होत्या, तिचंही 'बघू'च होतं. हे 'बघू' ग्वेंडाच्या घशात माशाच्या काट्यासारखं अडकलं होतं. फळी आहे तोवर 'जागा नाही' असं कुणाला म्हणता येणार नाही, एवढा एकच हुकमाचा पत्ता तिच्या हातात उरला होता.

"नॅन," पुढच्या अंगणातून मार्नीची हाक आली. आईची इस्पितळात ड्यूटी, म्हणून शनिवारी ती आजीकडे असायची. सहा वर्षांची, पायात बूट न टिकणारी पोर. "नॅन, ब्लँकेट पत्रांच्या डब्यावर झोपलंय."

ग्वेंडा जवळजवळ धावतच पुढे गेली.

काल संध्याकाळी तिने आणि रॉसने फळी चौकड्यांच्या जुन्या ब्लँकेटमध्ये गुंडाळून बाहेर आणली होती. गाडीवाटेवर खोक्यांचा ढीग, म्हणून रस्त्याकडेच्या निलगिरीला टेकून ठेवली. डेलने यावं, उचलावी, गाडीत टाकावी. डेल आला नाही. आणि फळी आत घ्यायचं दोघांच्याही डोक्यातून गेलं. आता झाडाचा बुंधा मोकळा होता. ब्लँकेट मात्र चार कोपरे जुळवून, नीट घडी घालून पत्रांच्या डब्यावर ठेवलेलं होतं.

तो पट्टीचा आठवडा होता. वर्षातून एकदा नगरपालिकेचा ट्रक येतो, त्याआधी जो तो आपल्या घरापुढच्या गवताच्या पट्टीवर नको असलेलं मोठं सामान काढून ठेवतो. ट्रक येईपर्यंत ज्याला जे हवं ते त्याने न्यावं. पट्टीवर ठेवलं ते सोडलं. त्याची चौकशी नाही, परत मागणं तर नाहीच. रस्ताभर गाद्या, सायकली, पंखे मांडून ठेवलेले, आणि अशा आठवड्यात तिने आपल्या हाताने फळी पट्टीवर नेऊन ठेवली होती.

"रॉस," ती म्हणाली. आवाज बारीक निघाला. "गेली."

रॉस पट्टीवर येऊन उभा राहिला. त्याने झाडाकडे पाहिलं, ब्लँकेटकडे पाहिलं, मग बायकोकडे. "मधली फळी कोसळली म्हणायची."

"तुला क्रिकेट सुचतंय."

"अगं ग्वेन, जन्मभर लोकांच्या पट्टीवरनं तू सामान उचलून आणलंस. या घरातल्या निम्म्या खुर्च्या कुठनं आल्या? ती आरामखुर्ची आणलीस तेव्हा बिचारा माणूस अजून दुसरी आणायला आत गेला होता."

"त्याने ठेवली होती ती. टाकून."

"आणि आपण काय केलं?"

ग्वेंडाने ब्लँकेट उचलून छातीशी धरलं. नेणाऱ्याने ब्लँकेट नेलं नव्हतं. म्हणजे चोर नव्हता. फळी टाकलेली आणि ब्लँकेट विसरलेलं, असा सरळ हिशेब करणारं कुणीतरी होतं. चोर असता तर निदान चिडता आलं असतं.

तिने डेलला फोन लावला.

"आई, निघतोच आहे बघ—"

"नको निघूस. फळी गेली. कुणीतरी उचलली."

पलीकडे डेलने गाडीचा रेडिओ बारीक केला. "अरेरे. बरं, असू दे गं. फळीच होती ना."

"फळीच?"

"म्हणजे तसं नाही. हे बघ, दुकानात घडीची टेबलं मिळतात, हलकी, पिकनिकची. मी तुला एक आणून देतो. हवी तेव्हा उघड, नको तेव्हा मीट."

"तुझ्यासारखं," ग्वेंडा म्हणाली. "हवं तेव्हा उघड, नको तेव्हा मीट."

डेल हसला. मग हसू आवरून म्हणाला, "आई, खरं तर मी आज आल्यावर बोलणार होतो. या नाताळला आम्ही सासुरवाडीला, केरीच्या आईकडे जायचं म्हणतोय. त्यांच्याकडे तलाव आहे पोहायचा, मुलांना जरा... एकच वर्ष. तुमचंही नवीन घर, तुला दगदग नको."

"मला दगदग नको, हे कुणी ठरवलं?"

"आई."

"बरं. ठेवते. इथे उन्हात उभी आहे मी."

फोन ठेवून तिने मोटारीची किल्ली घेतली. रॉसने विचारलंही नाही. इतक्या वर्षांत त्याला कळलं होतं, ही अशी निघाली की अडवायचं नसतं. तो एवढंच म्हणाला, "पाण्याची बाटली घे. आणि पोरीला टोपी."

समोरच्या घराच्या ओट्यावर दुशानबाबा बसलेला. म्हातारा क्रोएशियाहून आला तेव्हापासून त्याच खुर्चीत असावा. रस्त्यावरून मांजर गेलं तरी त्याला ठाऊक.

"दुशान, माझ्या झाडाजवळचं सामान कुणी नेलं, पाहिलंस?"

"पाहिलं तर. पोरगी होती एक, बाबागाडीवाली. दोन पोरं बरोबर. बाळाला काढून मोठीच्या कडेवर दिलं, आणि तुझी लाकडाची लादी बाबागाडीवर आडवी टाकली. एवढी जड, पण गेली ढकलत." त्याने रेल्वेच्या बाजूला हनुवटी उडवली. "मी म्हटलं, ग्वेंडा चांगलं लाकूड का टाकते? मग म्हटलं, घर विकलं, डोकं पण विकलं असेल."

"मला हाक मारायचीस की."

"पट्टीवरच्या गोष्टीत कोण बोलतं?" म्हातारा म्हणाला, आणि ते खरंच होतं.

मोटार बैलगाडीच्या चालीने निघाली. रेल्वेकडच्या गल्ल्या एकेक करून ग्वेंडा पाहू लागली. कुठे अंगणात डोकावायची, कुठे उघड्या गॅरेजात. मागच्या गाड्या हॉर्न द्यायच्या. प्रत्येक लाल रंगापाशी ती गाडी आणखी हळू करायची, आणि जवळ जावं तर ते पलंगाचं डोकं निघायचं, नाहीतर कुत्र्याचं घर. एका कोपऱ्यावर भंगारवाला पंख्यातून तांब्याची तार ओढत होता, त्याला तिने विचारलं.

"जारा?" तो म्हणाला. "मला दिसली असती तर तुम्हाला दिसली नसती, बाई."

"आणि कुणी जाळायला नेली तर?"

"थंडीपर्यंत ठेवतील. जारा जळतो मात्र झकास."

हे तिने विचारायला नको होतं. पुढच्या दोन गल्ल्या तिला शेगडीतली लाल धग दिसत राहिली.

"नॅन, ती स्कूटर बघ. एकच चाक नाहीये तिला."

"आपण घर आवरतोय, राणी. आणायचं नाही, द्यायचं."

"मग आपण फळी का आणतोय?"

"ती आपलीच आहे."

मार्नीने यावर विचार केला. "माझी जागा आहे तिच्यावर. मी काट्याने भोसकलं होतं तिथे."

"माहीत आहे मला. पॉप किती चिडला होता."

"नाही चिडला. तो म्हणाला, आता ओळखता येईल."

ग्वेंडाने आरशात नातीकडे पाहिलं. रॉस असं म्हणाला होता, हे तिला माहीत नव्हतं.

रेल्वेच्या कुंपणाला लागून विटांचे बैठे फ्लॅट होते. शेवटच्या फ्लॅटपुढे बाबागाडी उभी दिसली आणि ग्वेंडाने इतक्या झटक्यात ब्रेक दाबला की मार्नीची टोपी पुढे उडाली. ओट्याच्या सावलीत, दुधाच्या चार क्रेटवर, तिची फळी मांडलेली होती. तिच्या दोन बाजूंना जमिनीवर मांडी घालून दोन मुलं वाडग्यातून गव्हाच्या बिस्किटांचा दुधातला काला खात होती. थोरली असेल आठेक वर्षांची, धाकटा मार्नीएवढा. खुंट्यांच्या कडेला मुलांचे धुतलेले मोजे वाळत घातले होते.

काय बोलायचं ते ग्वेंडाने वाटेत तीनदा जुळवलं होतं. चूक झाली, माझा मुलगा न्यायला येणार होता, हवं तर बदल्यात खुर्च्या देते, चार देते. ती फाटकाशी गेली आणि सगळं विसरली.

आतून बाळाला खांद्यावर टाकून एक तरुण बाई आली. न्यूझीलंडकडची, माओरी होती, केस डोक्यावर बांधलेले, अंगात नवऱ्याचा सदरा. "या की मावशी. कुणी हवंय का?"

"नाही... आम्ही असंच. हे टेबल बघत होते."

"हे ना?" बाईचा चेहरा उजळला. "पट्टीवर मिळालं, काल. जारा आहे हो, अस्सल. मी पोरांना म्हटलं, कुणीतरी वेडं दिसतंय, असलं लाकूड टाकतंय. बाळाची गाडी मोडायची राहिली तेवढी." ती हसली. "माझं नाव हिने. बसा ना, चहा टाकते. नवरा खाणीवर गेलाय दोन आठवडे, मोठ्या माणसाशी बोलले नाहीये मी. टाइल्सशी बोलते."

"चहा नको, उन्हाचं."

"मग पाणी तरी. मावशी, तुम्हाला लाकडातलं कळतं का? या खुंट्या कशाला असतील? मी मोजे लटकवलेत, पण त्यासाठी तर नसतील."

ग्वेंडाने हात पुढे केला आणि एका ओल्या मोज्याखालच्या खुंटीला बोट लावलं. रॉसने त्या वर्षी प्रत्येक खुंटी काचकागदाने घासून तिला दाखवली होती. "दुसऱ्या टेबलात बसायच्या असतात त्या. मध्ये."

"म्हणजे हा तुकडा आहे? पूर्ण नाही?"

"मोठ्या टेबलाचा."

"मग ते किती मोठं असेल," हिने कौतुकाने म्हणाली. "पण आम्हाला एवढं पुष्कळ. आत्तापर्यंत गादीवर ताटं घेऊन जेवायचो. आता नाताळला माझ्या बहिणी येणारेत, ऑकलंडहून, पोरंबाळं घेऊन. झोपायला जागा नाही म्हटलं, तर म्हणतात, अंगणात झोपू, जेवायला घाल. येतायत म्हणजे येतायत. कोण अडवतं त्यांना."

झोपायला जागा नाही, तरी येतायत. ग्वेंडा पाण्याचा पेला हातात धरून उभी राहिली. आत्ता बोलायला हवं, आत्ता नाही तर मग नाही, असं तिला वाटत होतं.

तेवढ्यात मार्नी तिच्या बाजूने सटकली. तिने फळीवर हात फिरवला, काहीतरी शोधलं, आणि धाकट्या मुलाच्या शेजारी जाऊन मांडी घालून बसली.

"ही माझी जागा," ती त्याला म्हणाली. "हे बघ भोक. मी केलं."

मुलाने वाकून बघितलं. त्याला ते पटलं असावं, कारण त्याने आपला वाडगा थोडा सरकवून घेतला.

हिनेचं हसू हळूहळू मावळलं. तिने भोकाकडे पाहिलं, मार्नीकडे, मग ग्वेंडाच्या हातावरल्या चौकड्यांच्या ब्लँकेटकडे. मोटारीतून उतरताना आपण ते बरोबर घेतलंय हे ग्वेंडाच्या लक्षातच नव्हतं.

"तुमची आहे ही," हिने म्हणाली.

"होती."

"मावशी, सांगायचं ना. मी वेडं काय म्हणाले, अजून काय काय..." तिने मुलांकडे वळून हात हलवला. "उठा रे. वाडगे उचला. टेबल मावशींचं आहे."

"अगं नको. पट्टीवरचं परत मागत नाहीत."

"मागितलं कुठे तुम्ही? मी देतेय. आमचं काय, आणखी एक पट्टी शोधू. माने, मोजे काढ बरं."

थोरलीने मोजे काढून खांद्यावर टाकले. धाकटा वाडगा दोन्ही हातांनी धरून उभा राहिला. दूध काठोकाठ, म्हणून हलला नाही. दोघं फळीच्या दोन अंगांना तशीच उभी, आणि दोघांचे डोळे ग्वेंडावर. तक्रार नव्हती त्या डोळ्यांत. पुढे काय करायचं, एवढंच ती विचारत होती.

ग्वेंडाने फळीच्या कडेला हात लावला. उचलायला फक्त दोघी लागल्या असत्या. मागची सीट पाडली की मोटारीत बसली असती. मग डेलच्या शेडमध्ये रंगाच्या डब्यांमागे उभी राहिली असती, आणि नाताळच्या दिवशी गाडी लावायच्या छपराखाली, समुद्रावरून वारा येईल तेव्हा, 'टक' करून टेबलात बसली असती. तिने ते टेबल डोळ्यांपुढे मांडलं. टेबलक्लॉथ घातला. हॅम ठेवला. रॉसला एका टोकाला बसवलं, स्वतः दुसऱ्या टोकाला बसली. मग खुर्च्या ओढायला लागली, एक, आणखी एक, आणि ही कुणासाठी ओढायची ते न कळून खुर्चीच्या पाठीवर तिचा हात थबकला.

"नेऊ या का, मावशी? मी धरते या बाजूनं," हिने म्हणाली. बाळ तिने थोरलीच्या कडेवर दिलं होतं.

"थांब जरा," ग्वेंडा म्हणाली. "थांब हं."

मार्नी अजून आपल्या जागेवरून उठली नव्हती. भोकात करंगळी घालून ती आधी उजव्या हाताला बघत होती, तिथे वाडगा धरलेला मुलगा उभा. मग डाव्या हाताला, तिथे त्याची बहीण. मग तिने मान वर केली.

"नॅन, आपण ही घरी नेली, तर माझ्या शेजारी कोण बसणार?"